लंडनला जाण्याचे राजकारण

बोत्स्वानाच्या 100 पुलाच्या नोटेवर तीन पुरुषांचे चेहरे आहेत: खामा तिसरे, सेबेले पहिले आणि बाथोएन पहिले. 1895 च्या सप्टेंबरात हे तिघे राजे 'टँटॅलन कॅसल' या आगबोटीने इंग्लंडला पोचले आणि नोव्हेंबरात परत निघाले. या प्रवासाची हकिकत सहसा दोन तऱ्हांनी सांगितली जाते. पहिल्या तऱ्हेत ती परीकथा असते. दूरच्या वाळवंटातले तीन सज्जन राजे व्हिक्टोरिया राणीकडे गेले, तिने त्यांचे गाऱ्हाणे ऐकले आणि त्यांचा देश वाचवला. दुसऱ्या तऱ्हेत तीच गोष्ट लाचारीची होते. ज्यांनी गिळायला जबडा उघडला त्यांच्याच दारात न्याय मागायला जाणे हा भोळेपणा. लढले ते खरे, अर्ज करत फिरले ते दुबळे.

दोन्ही तऱ्हा उथळ आहेत आणि दोन्हींचा दोष एकच आहे. दोन्हींत हे राजे याचक ठरतात. फरक एवढाच की एकीत दाता दयाळू असतो, दुसरीत दुष्ट. या लेखाचे म्हणणे वेगळे आहे. वसाहतकाळात आफ्रिकी सत्ताधाऱ्यांनी साम्राज्याच्या राजधानीकडे केलेले प्रवास ही हिशेबी परराष्ट्रनीती होती. निर्णय कोण घेतो, त्याचे कुणाशी पटत नाही आणि त्याला कशाची धास्ती आहे, हे ओळखून ती चालवली गेली. काही प्रवास फळले, बरेच फसले. का फळले आणि का फसले याची उत्तरे राजकारणात सापडतात, राणीच्या अंतःकरणात नाहीत.

याचा पहिला पुरावा तारखांमध्येच आहे. तिघा राजांचा ब्रिटिश वसाहतमंत्र्याशी समझोता झाला 6 नोव्हेंबर 1895 रोजी. विंडसर किल्ल्यात राणीची भेट झाली 20 नोव्हेंबरला. जो निर्णय राणीने दयेने दिला असे सांगितले जाते, तो भेटीच्या चौदा दिवस आधीच झालेला होता.

एक: निर्णय कुठे होतो, हे ओळखणे

त्स्वाना भाषेत राजाला 'खोसी' म्हणतात, 'चीफ' ही पदवी इंग्रजांनी चिकटवलेली. खोसीचा कारभार 'खोत्ला'त, म्हणजे उघड्या सभेत चाले. तिथे प्रौढ पुरुष बोलत आणि सगळे ऐकून घेतल्यावर राजा निवाडा सांगे. ज्याच्या हाती निवाडा आहे त्याच्या समोर उभे राहून बोलायचे, ही या राज्यांची अंगवळणी पडलेली रीत होती. 1885 मध्ये ब्रिटनने बेचुआनालँड (आजचे बोत्स्वाना त्यातच येते) आपल्या संरक्षणाखाली घेतले, त्यानंतर निवाड्याची जागा फालाप्ये, मोलेपोलोले आणि कान्ये या तिघांच्या राजधान्यांतून हळूहळू सरकत गेली. ती कुठे गेली हे शोधणे भागच होते.

केपटाऊनला गेली म्हणावे तर तिथे सेसिल ऱ्होड्स बसलेले. 1889 मध्ये त्यांच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीला राजसनद मिळाली आणि 1890 मध्ये तेच केप वसाहतीचे पंतप्रधान झाले. फिर्याद ज्याच्याविरुद्ध, दाद मागायची त्याच्याच कचेरीत! केपच्या पलीकडे जाण्याखेरीज मार्ग उरला नव्हता.

ही उमज 1895 मध्ये अचानक आलेली नाही. सेबेले यांचे वडील सेचेले यांना 1848 मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टनने बाप्तिस्मा दिला होता. 1852 मध्ये ट्रान्सवालच्या बोअरांनी, म्हणजे डच वंशाच्या वसाहतवाल्यांनी, त्यांच्यावर हल्ला केला, बायकामुले पळवून नेली. सेचेले थेट इंग्लंडच्या राणीला भेटायला निघाले आणि केपटाऊनपर्यंत पोचले. पुढच्या प्रवासाला पैसे नव्हते म्हणून त्यांना परत फिरावे लागले. म्हणजे सेबेले बोटीत चढले ते बापाचा चाळीस वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेला प्रवास पुरा करायला.

शेजारचे उदाहरण तर डोळ्यांदेखत घडले होते. एन्डेबेले राजा लोबेंगुला यांच्याकडून 1888 मध्ये खाणींचा सवलतपत्र-करार करून घेण्यात आला. त्यात काय लिहून घेतले हे कळल्यावर लोबेंगुलांनी 1889 च्या आरंभी आपले दोन वडीलधारे सरदार लंडनला पाठवले. राणीने त्यांना भेट दिली. सोबत सावधगिरीचा सल्ला देणारे पत्रही आले. परक्याला सगळे देऊन टाकू नये, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच राणीच्या नावाने कंपनीला सनद मिळाली. 1893 मध्ये कंपनीने युद्ध करून एन्डेबेले राज्य मोडले, पळताना लोबेंगुला वारले आणि त्यांची जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांत वाटली गेली. त्या युद्धात खामांनी कंपनीच्या बाजूने आपली माणसे पाठवली होती आणि मध्येच ती परतही आणली. कंपनी कसा घास घेते हे त्यांनी कंपनीच्याच छावणीतून पाहिले होते. ही गोष्ट खामांच्या गौरवात भर घालणारी नाही, पण त्यांना भोळे म्हणणाऱ्यांनी ती जरूर लक्षात घ्यावी.

लोबेंगुलांच्या सरदारांवरून एक धडा स्पष्ट होता. राणीपर्यंत पोचणे म्हणजे निर्णयापर्यंत पोचणे नव्हे.

दोन: एका साम्राज्याची अनेक तोंडे

1895 च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये सत्तापालट झाला आणि जोसेफ चेंबरलेन वसाहतमंत्री झाले. बेचुआनालँडचा दक्षिण भाग केप वसाहतीला जोडायचा आणि उत्तरेचा संरक्षित प्रदेश कंपनीकडे द्यायचा, ही योजना तोवर आकाराला आली होती. सप्टेंबरात तिघे राजे चेंबरलेन यांना भेटले. कंपनी नको, आम्हाला थेट राणीच्या सरकारखाली राहू द्या, एवढेच त्यांचे मागणे. मंत्र्यांनी सांगितले की कंपनीशीच बोलून काय ते मिटवा. मग ते सुट्टीवर निघून गेले.

याचकांची गोष्ट इथे संपली असती. खरे राजकारण इथून सुरू झाले.

लंडन मिशनरी सोसायटी ही 1795 मध्ये स्थापन झालेली संस्था. 1895 हे तिचे शताब्दी वर्ष. तिचे मिशनरी विल्यम विलोबी दुभाषे म्हणून राजांबरोबर आले होते. चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरचे जे प्रोटेस्टंट पंथ होते, त्यांच्या प्रार्थनामंदिरांचे जाळे इंग्लंडभर पसरलेले होते. चेंबरलेन मंत्री झाल्याने हे जाळे विशेष मोलाचे ठरले, कारण ते स्वतः त्याच परंपरेतले आणि त्यांच्या राजकारणाला या मतदारांची गरज होती. ते परत येईपर्यंतच्या आठवड्यांत तिन्ही राजे गावोगाव फिरले. गिरण्यांची शहरे, बंदरे, बाजारपेठा, चॅपेलमधल्या सभा. प्रत्येक सभेनंतर वसाहत-कचेरीकडे ठराव आणि विनंतीपत्रे जाऊ लागली.

सभांचा मुख्य विषय दारू होता, आणि याला निव्वळ नाटक म्हणणे चुकीचे ठरेल. खामांनी आपल्या राज्यात परकी दारू बंद केली होती आणि गोऱ्या व्यापाऱ्यांवरही ती बंदी कडकपणे लादली होती. दारूपाठोपाठ कर्ज येते, कर्जापाठोपाठ गुरे आणि जमीन जाते, हा दक्षिण आफ्रिकेतला सार्वत्रिक अनुभव होता. सेबेले वागण्यात खामांइतके सोवळे नव्हते आणि मिशनऱ्यांचे त्यांच्याविषयी मत फारसे बरे नव्हते. तरीही तिघे एका सुरात बोलले, कारण दारूबंदीची चळवळ इंग्लंडमध्ये बळकट होती. कंपनी आली तर दारूची दुकाने येतील, हे वाक्य त्या श्रोत्यांना जमीनहक्काच्या दहा कलमांपेक्षा लवकर पोचत होते. आपल्या देशातले खरे दुखणे आणि समोरच्या देशातली जिवंत चळवळ यांची अशी सांधेजोड करणे ही मुत्सद्देगिरी आहे. राजवाड्यातल्या गुप्त खलबतांपेक्षा ती कमी दर्जाची का मानावी?

साम्राज्य बाहेरून एकसंध दिसते. आत मंत्री, कंपनी, वसाहतींची सरकारे, चर्चे, वर्तमानपत्रे, मतदार अशी अनेक तोंडे असतात, आणि ती एकाच वेळी एकच गोष्ट बोलत नाहीत. तिघांनी कंपनीला साम्राज्यापासून वेगळे काढले आणि साम्राज्यालाच तिच्यासमोर उभे केले.

तीन: काय दिले, काय राखले

6 नोव्हेंबरच्या समझोत्यात तिघांच्या प्रदेशांना सीमा आखून देण्याचे ठरले. ते राणीच्या संरक्षणाखाली राहतील, राजे आपल्या लोकांवर पूर्वीप्रमाणे राज्य करतील, राणीचा एक अधिकारी तिथे असेल आणि परक्या दारूवर बंदी राहील. बदल्यात पूर्व सरहद्दीवरची जमिनीची पट्टी रेल्वेसाठी सोडायची आणि कर भरायचा. झोपडीमागे वर्षाला दहा शिलिंगांचा हा कर 1899 पासून लागू झाला. 1897 मध्ये रेल्वे बुलावायोला पोचली.

हा विजय होता, आणि तो महाग होता. करासाठी रोख पैसा लागतो, रोख पैशासाठी तरुणांना ट्रान्सवालच्या खाणींकडे जावे लागते. पुढच्या पिढ्यांनी ते भोगले. तरी ऱ्होड्स यांना यात पराभवच दिसला. काळ्या माणसांकडून आपण हरलो ही त्यांना मानहानी वाटली आणि अत्यंत हिणकस शब्दांत त्यांनी ती बोलूनही दाखवली.

चार: मग बाकीचे का हरले?

त्याच शरदात, त्याच लंडनमध्ये, आणखी एक आफ्रिकी शिष्टमंडळ बसून होते. पश्चिम आफ्रिकेतल्या असांते राज्याचे राजे प्रेम्पे यांनी जॉन ओवुसू अन्सा यांच्या नेतृत्वाखाली ते पाठवले होते. मंत्री तेच, चेंबरलेन. सरकारने या शिष्टमंडळाला अधिकृत भेट दिलीच नाही. जानेवारी 1896 मध्ये ब्रिटिश फौज असांतेच्या राजधानीत, कुमासीत शिरली, एकही गोळी न झाडता प्रेम्पे पकडले गेले, आणि आधी सिएरा लिओन व मग सेशेल्स बेटे असा त्यांचा वनवास 1924 पर्यंत चालला.

फरक कशात होता? असांतेचे वकील कमी शिकलेले किंवा कमी चतुर होते असे मुळीच नाही. पण असांते स्वतंत्र राज्य होते आणि ते स्वातंत्र्यच मागत होते. खामा, सेबेले आणि बाथोएन यांचे प्रदेश आधीच संरक्षित होते. कोणता धनी चालेल, एवढाच प्रश्न त्यांनी मांडला. लंडन त्यावर बोलायला तयार झाले, कारण त्या प्रश्नात लंडनचे काही जात नव्हते. या मुत्सद्देगिरीची मर्यादा इथे उघडी पडते आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

झुलू राजा सेत्श्वायो यांची कहाणी दुसरी अट दाखवते. ब्रिटिशांशी झालेल्या 1879 च्या युद्धानंतर ते केपटाऊनला कैदेत होते. 1882 च्या ऑगस्टमध्ये ते लंडनला गेले, राणीला भेटले, रस्त्यांवर लोकांनी त्यांचा जयजयकार केला, आणि राज्य परत मिळण्याचे वचन त्यांनी खरोखर मिळवले. 1883 मध्ये परतल्यावर कळले की राज्याचे आधीच तुकडे झालेत. एक त्यांच्या वैऱ्याकडे, एक ब्रिटिशांच्या राखीव प्रदेशात. यादवी पेटली आणि फेब्रुवारी 1884 मध्ये ते वारले. शब्द लंडनला मिळाला, अंमल शेजारच्या नाताल वसाहतीच्या अधिकाऱ्यांच्या हाती राहिला. परतल्यावर पाय रोवायला ताब्यातली जमीन लागते. खामांपाशी ती होती, सेत्श्वायोंपाशी उरली नव्हती.

स्वाझींचे शिष्टमंडळ 1894 च्या अखेरीस राणीला भेटून आले. डिसेंबरात ब्रिटनने ट्रान्सवालशी करार करून स्वाझीलँडचा कारभार ट्रान्सवालकडे सोपवला. राणीच्या भेटीचे मोल किती, याचा हा आणखी एक दाखला.

मराठी वाचकाला इथे रंगो बापूजी गुप्ते आठवतील, आणि ती आठवण योग्य आहे. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना 1839 मध्ये पदच्युत केल्यावर त्यांचे वकील म्हणून रंगो बापूजी 1840 पासून 1853 पर्यंत लंडनमध्ये झगडले. त्यांच्या पाठीशी संसदेतले जोसेफ ह्यूम होते, गुलामीविरोधी वक्ते जॉर्ज थॉम्पसन होते. म्हणजे खामांना लाभला तसल्याच नैतिक वर्तुळाचा आधार होता. कष्ट, चिकाटी, कागदपत्रे, कशाचीही कसर नव्हती. मग काहीच का हाती आले नाही? कारण साताऱ्याच्या प्रकरणात अन्याय करणारी ईस्ट इंडिया कंपनी आणि त्यावर निकाल देणारी सत्ता एकमेकींत गुंतलेल्या होत्या, त्यांच्यात पाचर मारायला फट नव्हती. शिवाय गादीवर दुसरा बसला होता. 1847 मध्ये प्रतापसिंह वारले, 1848 मध्ये साताराच खालसा झाला. वकिली उरली, अशील उरला नाही. बेचुआनालँडच्या राजांसमोर मात्र फिर्याद जिच्याविरुद्ध ती कंपनी आणि निकाल देणारा मंत्री यांच्यात अंतर होते. त्याच अंतरात ते शिरले.

पाच: आक्षेप

पहिला आक्षेप इतिहासकारांच्या बाजूने येतो: देश राजांनी वाचवलाच नाही, तो जेमसनच्या धाडीने वाचला. 29 डिसेंबर 1895 रोजी कंपनीचे जेमसन काही शे स्वार घेऊन ट्रान्सवालवर चालून गेले, तेही त्याच सरहद्दीवरच्या पित्सानीहून. धाड फसली, ऱ्होड्स यांचे पंतप्रधानपद गेले, आणि कंपनीला प्रदेश देण्याचा बेत बारगळला. चेंबरलेन यांना या कटाची कितपत कल्पना होती यावर आजही वाद आहे. हा आक्षेप अर्धा खरा आहे. पण धाडीने कंपनीच्या हातातले काही काढून घेतले का, हे पाहा. लोबेंगुलांचा देश तिने आधीच घेतला होता. धाडीची एवढी नाचक्की होऊनही, तो देश ज्यात सामावला तो दक्षिण ऱ्होडेशिया 1923 पर्यंत कंपनीच्याच अंमलाखाली राहिला. नोव्हेंबर 1895 पूर्वी खामांचा प्रदेश हस्तांतरित झाला असता, तर धाडीने तो परत आणून दिला असता असे मानायला आधार नाही. दैव धावून आले, मान्य. तोवर दार लावून धरले होते ते या तिघांनी.

दुसरा आक्षेप: ही जमीन रेताड होती, म्हणून ब्रिटनने सहज सोडली. ऑरापाला हिरे सापडले ते 1967 मध्ये, तेव्हा संपत्तीच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण मध्य आफ्रिकेकडे जाणारा रस्ता याच भूमीतून होता. तिचे मोल ऱ्होड्स यांनी सुएझ कालव्याशी लावले होते. तो रस्ता हवा म्हणून तर रेल्वेची पट्टी मागितली गेली. पट्टी देऊन मागचा देश राखायचा, ही देवघेव राजांनी समजून केली.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्याला पुरते उत्तर नाही. हे तिघे कुणाच्या वतीने बोलले? बारोलोंग आणि बालेते या शेजारच्या समाजांचे प्रतिनिधी या शिष्टमंडळात नव्हते. त्यांच्या जमिनी ऑक्टोबर 1895 मध्ये कंपनीकडे गेल्या आणि धाडीनंतरच सुटल्या. खामांच्या राज्यात कलांगा होते, सान होते. सान लोकांपैकी अनेक जण त्स्वाना घराण्यांचे वंशपरंपरागत सेवक होते. लंडनमध्ये राजांचे हक्क जितके पक्के झाले, तितकी या लोकांवरची पकडही पक्की झाली. 2005 मध्ये गाबोरोनमध्ये तिघांचे भव्य पुतळे उभे राहिले तेव्हा त्स्वानेतर समाजांतून नाराजी उमटली, ती अकारण नव्हती. मुत्सद्देगिरी मान्य करणे म्हणजे मुत्सद्द्याला संत ठरवणे नव्हे. वाटाघाटीच्या खोलीत ज्यांना जागा मिळाली नाही त्यांचा हिशेब वेगळा मांडावाच लागतो. तिघांना निव्वळ बळी मानणारी दृष्टी तोही मांडू शकत नाही, कारण बळीकडून कुणी जाब मागत नाही.

सहा: निर्णयाची जागा पुन्हा हलली

1909 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या संघराज्याचा कायदा लंडनमध्ये मंजुरीला आला, तेव्हा त्यातला वर्णभेद काढून टाकावा म्हणून विल्यम श्राइनर, जॉन टेंगो जबावू, वॉल्टर रुबुसाना आणि अब्दुल्ला अब्दुरहमान यांचे शिष्टमंडळ तिथे होते. ट्रान्सवालमधल्या हिंदी लोकांसाठी आलेले गांधी आणि हाजी हबीबही त्याच महिन्यांत लंडनमध्ये होते. दोन्ही शिष्टमंडळांना रिकाम्या हातांनी परतावे लागले. परतीच्या बोटीवर गांधींनी 'हिंद स्वराज' लिहिले. पाठीशी बळ नसलेला अर्ज व्यर्थ आहे, हा विचार त्यात आहे. त्याच कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात मात्र बेचुआनालँड, बासुटोलँड आणि स्वाझीलँड संघराज्याला कधी दिलेच तर कोणत्या अटींवर, हे लिहिले गेले. दक्षिण आफ्रिकेने हे प्रदेश पुढे वारंवार मागितले आणि ते तिला कधीच मिळाले नाहीत.

1914 मध्ये जॉन डुबे, सॉल प्लाटिए आणि त्यांचे सहकारी 1913 च्या जमीन कायद्याविरुद्ध लंडनला गेले. ते वसाहतमंत्र्यांना भेटले, त्यांनी सभा घेतल्या, वर्तमानपत्रांना गाठले, खामांचीच वाट. पण 1910 नंतर दक्षिण आफ्रिका स्वशासित होती. निर्णयाची जागा लंडनहून गोऱ्या मतदारांच्या संसदेत गेली होती, आणि तिथे या लोकांना प्रवेश नव्हता. दार बरोबर ठोठावले, घरात मालक नव्हता.

बेचुआनालँडपुरते ते दार आणखी काही दशके उघडे राहिले. खामांचे पुत्र त्शेकेदी 1930 मध्ये कंपनीच्या खाणहक्कांविरुद्ध लंडनला जाऊन मंत्री लॉर्ड पासफील्ड यांना भेटले. 1950 मध्ये नातू सेरेत्से यांना बोलणी करायला लंडनला बोलावले गेले आणि तिथेच सांगितले गेले की आता परत जाता येणार नाही. गोऱ्या स्त्रीशी केलेला विवाह दक्षिण आफ्रिकेला खुपत होता. 1952 मध्ये खामांच्या घराण्याच्या बांग्वाटो समाजातले सहा पुरुष त्यांना परत मागायला गेले आणि नकार घेऊन आले. या वेळी उत्तर लंडनमधून आले नाही, ते बांग्वाटोंच्या तेव्हाच्या राजधानीतून, सेरोवेच्या खोत्लातून आले. लोकांनी दुसरा राजा निवडायला नकार दिला आणि त्या नकारावर ते ठाम राहिले. 1956 मध्ये राजपदावरचा हक्क सोडून सेरेत्से साधे नागरिक म्हणून परतले, 1966 मध्ये स्वतंत्र बोत्स्वानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत या देशाचा कारभार देशाबाहेरच्या माफेकिंगहून चालत होता. 1965 मध्ये तो 1897 च्या त्या रेल्वेमार्गालगत वसवलेल्या गाबोरोनला आला. सेबेलेंच्या मोलेपोलोलेहून गाबोरोन सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे.